मूठभर कोंड्याचं नाव

लातूर जिल्हा झाला त्या साली मी 'उस्मानाबाद' हा शब्द जितक्या वेळा खोडला, तितक्या वेळा आयुष्यात दुसरं काही खोडलं नसेल. दुकान तेच, मालक तोच, गल्ल्यावरची माशीसुद्धा तीच. पण पाटीच्या खालच्या कोपऱ्यात 'जि. उस्मानाबाद' होतं तिथं 'जि. लातूर' पाहिजे, आणि तेही आजच्या आज. ज्यांचं सात पिढ्यांत पाटीवाचून अडलं नव्हतं तेही पत्रे घेऊन यायला लागले. गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत माझं पेंटरचं दुकान होतं आणि त्या दिवसांत मला जेवायला फुरसत नव्हती.

अशा एका दुपारी डोक्यावर नवा पत्रा घेऊन एक बाई दुकानात शिरली. चाळिशी ओलांडलेली, अंगानं काटक, कपाळ मोकळं. तिनं पत्रा उतरवून भिंतीला लावला आणि स्वतः मात्र भिंतीला न टेकता ताठ बसली. पुढं बारा वर्षं मी तिला पाहिलं. ती कशाला टेकून बसलेली मला आठवत नाही.

"बोर्ड लिहायचाय, भाऊ."

"काय लिहायचं?"

"तेच तर कळंना गेलंय."

मी ब्रश खाली ठेवला. नाव विचारलं तर म्हणाली, "कोंडाबाई. पर ते लिहायचं न्हाई." धंदा विचारला तर आधी पदर सारखा केला. मग म्हणाली, "बाळंतपणाचं हाय. पर मी सुईण न्हाई. सुईण समोर बसते. मी मागं बसते, पाठीला पाठ लावून. कळ आली की बाईला रेटायला कायतरी पाहिजे का न्हाई मागं? अन् आधी चार महिने पोटुशा बायांना शिकवायचं. कसं बसायचं, दम कसा सोडायचा, भ्यायचं कुठं अन् कुठं न्हाई."

असल्या धंद्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं. तिचा धंदा होता, गल्लीत माझ्यापासून तिसरी खोली तिनं घेतली होती, फक्त नाव नव्हतं. मी म्हटलं, नाव ठरलं की या. तर ती म्हणाली, "मंग खाली 'जि. लातूर' तेवढं लिहून ठेवा. ते तर पक्कं हाय ना?"

मी हसत हसत लिहिलं. वर सगळा पत्रा कोरा आणि खाली कोपऱ्यात ठळक जिल्हा. ती ते वाळेपर्यंत बसून राहिली. तिच्या दोन्ही मनगटांवर चंद्रकोरीसारखे बारीक पांढरे वण होते, डझनांनी. मी पाहतोय हे पाहून तिनं हात पदराखाली घेतले. "बायांची नखं," म्हणाली. "त्यांना कळत न्हाई त्या वक्ताला."

तिची हकिगत मला एकदम कळली नाही. रंग वाळायला वेळ लागतो, तेवढ्या तेवढ्या वेळात तुकड्यांनी कळत गेली. चाकूरकडच्या एका खेड्यातली. नवरा लवकर गेला. त्याच्या आधी एक लेकरू झालं होतं, ते जन्मतानाच गेलं. त्या दिवशी घरातली सगळी माणसं रानात होती. सुईण आली तोवर सगळं आटोपलं होतं. याबद्दल ती एकदाच बोलली, आणि तेही एकच वाक्य: "माझ्या येळंला मागं भिंत व्हती, भाऊ."

मग बहात्तरचा दुष्काळ. तलावाच्या कामावर ती खडी फोडायला होती. शेजारी बसून खडी फोडणारी एक पोर भर उन्हात अडली. चार बायांनी लुगडी धरून आडोसा केला, एकजण सुईणीला आणायला पळाली. कोंडाबाई त्या पोरीच्या पाठीला पाठ लावून बसली, हातात हात गुंतवून. मुकादम ओरडत आला की हातोडा सोडून बसायला कुणी सांगितलं. ही बसल्या जागेवरून म्हणाली, "मी उठले तर हिला टेकायला निसता दगड हाय." मुकादम परत गेला. पोर सुखरूप बाळंत झाली, आणि मग कामावरच्या बाया हिला बोलवायला लागल्या. पुढं दहा वर्षं आसपासच्या गावांतून बोलावणी येत राहिली.

दिराच्या घरात हे कुणाला पटलं नव्हतं. लातूरला निघाली तेव्हा दीर म्हणाला होता, गेलीस तर चुलीपाशी तुझी जागा धरून ठेवणार नाही. ती निघून आली. म्हणजे खोली चालली तर ठीक, नाही चालली तर परत जायला दार नाही. हे मला माहीत होतं, म्हणून त्या पाटीची थट्टा करता करता मलाही तिची काळजी लागली होती.

पहिलं नाव सुचवलं गल्लीतल्या एका रिटायर हेडमास्तरांनी. 'मातृसेवा केंद्र'. भारदस्त नाव. मी निळ्या अक्षरांत लिहिलं, पांढरी कड काढली. महिनाभर त्या खोलीत चिटपाखरू फिरकलं नाही. बाया त्या दाराशी आल्या की पलीकडच्या अंगानं जायच्या. शेवटी एक म्हातारी काठी टेकत आली आणि दारातूनच विचारलं, "इथं आप्रेशन करतेत का वो?" केंद्र म्हटलं की सरकारचं, आणि सरकार म्हटलं की नसबंदी. आणीबाणीतली ती धरपकड लोक अजून विसरले नव्हते.

दुसरं नाव दिलं घरमालकानं. आडतीवर बसणारा, गळ्यात लिंग, सोमवारी दुकान उघडायच्या आधी बेल वाहणारा माणूस. म्हणाला, देवाचं नाव द्या, कुणी भिणार नाही. 'पार्वती प्रसूती'. कुणी भ्यालं नाही हे खरं. उलट लोक जाता जाता चपला काढून हात जोडायला लागले. एकानं नारळ फोडला. पण बाई एकही आत आली नाही. कोंडाबाईनं एका पोटुशीला हटकून विचारलं तर ती जीभ चावून म्हणाली, "मावशी, बाळंतपणाचा विटाळ. देवाच्या नावाखाली कसं यावं?"

तिसरं माझं. मी त्या वेळी स्वतःला हुशार समजत होतो. म्हटलं, जिल्ह्याचं गाव आहे, काहीतरी नव्या जमान्याचं पाहिजे. 'जननी क्लासेस' असं गुलाबी रंगात लिहिलं, खाली वेलबुट्टी काढली. चौथ्या दिवशी तीन पोरी आल्या, कात्री, टेप आणि दोन मीटर पॉपलिन घेऊन. बायकांचा क्लास म्हणजे शिवणक्लास, दुसरा असतो कुठं? कोंडाबाईनं त्यांना पाणी दिलं आणि पॉपलिनची घडी करून परत पाठवलं.

त्या संध्याकाळी ती पाटी काढून माझ्या दुकानात घेऊन आली. मला वाटलं, आता ही जाणार. गुलाबी वेलबुट्टीकडे बघवत नव्हतं मला. चौथं नाव फुकट लिहून देतो म्हणालो. ती ऐकत नव्हती. कुठंतरी बघत म्हणाली, "माझ्या मायची तीन लेकरं गेली, भाऊ. चांगली चांगली नावं ठिवली व्हती. एकाला बी नाव लाभलं न्हाई. मी चौथी."

मग तिनं मला तिच्या नावाची गोष्ट सांगितली. लेकरं जगत नसली की आमच्याकडं काय करतात ते मला माहीत होतं, पण ज्याच्यावर ते झालं त्या माणसाकडून मी पहिल्यांदा ऐकत होतो. जन्मल्या जन्मल्या तिला सुपात घातलं, उकिरड्यापर्यंत ओढत नेलं आणि टाकून दिलं. शेजारच्या बाईनं उचललं. मग आईनं तिला मूठभर कोंडा देऊन विकत घेतलं आणि नाव ठेवलं कोंडा. असलं टाकाऊ लेकरू नेऊन काय करायचं, असं म्हणून सटवाई पुढच्या घरी जाते. ही पोर जगली. पण पुढं तिच्या पाठीवर कुणी जन्मलं नाही, आणि आईबाप फार दिवस राहिले नाहीत.

"तीन नावं मेली," ती म्हणाली. "आता ह्या बोर्डाला उकिरड्यावर टाकायचं."

मी शिकलेला माणूस. सातवी पास. पण तिच्या तोंडाकडं बघून मला नाही म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिन्ही नावं टर्पेंटाइननं पुसून काढली. तिनं पत्रा सुपात उभा करून दोरीनं ओढत गल्लीच्या टोकाच्या उकिरड्यावर नेला. अर्धी गल्ली बघायला आली. शेजारच्या रहीमबी बांगडीवालीला तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. रहीमबी बांगड्यांची टोपली खाली ठेवून पुढं झाली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगे, ये किसका बच्चा पड्या यहां?" आणि पत्रा उचलून काखेला लावला. लोक हसले. कोंडाबाई हसली नाही. तिनं पदराची गाठ सोडून मूठभर कोंडा रहीमबीच्या हातावर ठेवला आणि पत्रा परत घेतला. तो कोंडा रहीमबीच्या शेळीनं तिथल्या तिथं फस्त केला.

मग मी लिहिलं: 'कोंडाबाईची खोली'. काळी साधी अक्षरं, कड नाही, वेलबुट्टी नाही. खाली बारीक, 'बाळंतपणात पाठीशी बसणे व शिकवणे'. जि. लातूर होतंच.

खिळे ठोकून झाल्यावर मी आपलं गमतीनं म्हणालो, "बारसं झालं, पण कानात नाव सांगायचं राहिलं की. कुर्र कोण करणार?"

"ते आत्याचं काम. आत्या म्हंजे माझी नणंद. ती मला दारात उभं करत न्हाई."

"मग तुम्हीच करा."

ती एकदम मागं सरली. "नको भाऊ. माझ्या तोंडानं नको. आताशी कुठं श्वास घ्यायलंय लेकरू."

विधवेच्या तोंडून नाव पडू नये, ही तिची स्वतःची समजूत होती की तिला ती समजूत करून दिलेली होती, हे मी विचारलं नाही. पाटी तशीच राहिली, कानात नाव न सांगितलेली.

आणि पाटी जगली. आठवडाभरात चाकूरकडची एक बाई आली, जिची दोन लेकरं गेली होती. तिला वाचता येत नव्हतं. सोबत आलेल्या तिच्या भावानं पाटी वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, कोंडा म्हणजे जगलेलं लेकरू, इथंच बसते मी. ज्या नावाची कोंडाबाईला लाज वाटत होती त्याचा अर्थ खेड्यापाड्यातल्या प्रत्येक बाईला न सांगता कळत होता. मी रंगवलेली तिन्ही शहाणी नावं त्यापुढं फिकी पडली.

बाजाराच्या दिवशी तिची शिकवणी भरायची. पोत्यावर पोटुशा बाया पाठीला पाठ लावून जोडीजोडीनं बसवायच्या आणि ही मधून फिरायची. "दम कोंडू नगंस, सोड. अजून सोड." सोबत आलेल्या सासवांनाही ती खाली बसवायची आणि कळा आल्याचं सोंग करायला लावायची. "बोंबला की सासूबाई. लाजून लेकरू येत न्हाई." त्या बंद खोलीतून असा काही आरडाओरडा आणि मागोमाग असं काही हसणं ऐकू यायचं की माझ्या ब्रशची रेघ हलायची.

बोलावणं आलं की ती हातातलं टाकून निघायची. परत आल्यावर लोक विचारायचे, काय झालं? मुलगा की मुलगी? तिचं उत्तर ठरलेलं: "बाई मोकळी झाली." त्यापुढं ती काही सांगायची नाही. एकदा मी छेडलंच, तर म्हणाली, "मला कुठं दिसतंय? माझं तोंड तिकडं. सगळ्यांनी बघून झालं की शेवटी मी बघते. कधी कधी तवर लेकराला आत नेलेलं ऱ्हातंय." डॉक्टरणींबद्दल तिला आदर होता. त्यांच्याकडंही ती पोरींना घेऊन जायची. म्हणायची, "डॉक्टरीण येते अन् जाते, नर्स येते अन् जाते. त्यांना लई कामं. मी जात न्हाई, एवढंच."

दिवस गर्दीत जायचे. संध्याकाळी मात्र खोलीचं एक दार लावून ती उंबऱ्यावर बसायची, भिंतीपासून वीतभर पुढं, ताठ. एकटीचाच स्वयंपाक, त्याचा वासही गल्लीत यायचा नाही. माझी बायको कधी भाकरी पाठवायची. भांडं रिकामं परत यायचं नाही, त्यात चिमूटभर का होईना साखर असायची.

माझी बायको बिलोलीची. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडंच झालं. कोंडाबाई सकाळी आली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या पाठीला पाठ लावून बसली. मी बाहेर येरझाऱ्या घालत होतो. मधे एकदा दार किलकिलं झालं तेव्हा मला तिचा चेहरा दिसला, भिंतीकडं वळलेला, डोळे मिटलेले, घामानं डबडबलेला. मुलगी झाली. बाहेर येऊन तिनं मला सांगितलं, "तुमची बाई मोकळी झाली, शिवराजभाऊ," आणि चालत निघाली. तिची पाठ तेवढ्यापुरती वाकलेली मी तेव्हाच पाहिली.

आमच्या लिंगायतांच्या रीतीनं जंगम येऊन लेकीला लिंग बांधून गेला. मग बारसं. मला सख्खी बहीण नाही. दोन वर्षं ती बाई मला दिवसातून दहा वेळा भाऊ म्हणत होती. त्या नात्यानं माझ्या लेकीची आत्या कोण, हे सांगायला पंचांग लागत नव्हतं. पण आईनं मुदखेडहून एक लांबची चुलत बहीण बोलावली, जिला मी लग्नानंतर पाहिलीही नव्हती. मी आईला म्हणालो, "कोंडाबाई..." आई म्हणाली, "पहिलं लेकरू हाय शिवा. ती घुगऱ्या खायाला येऊ दे. पाळण्यापाशी नको." आणि मी गप्प बसलो.

कोंडाबाई आली. पॉपलिनचं झबलं-टोपडं हातानं शिवून घेऊन आली होती. दारात बायकांच्या चपला पाहिल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच ओसरीवर बसली. आत गलका झाला. मुदखेडच्या बहिणीनं कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत दणादण धपके घातले, हशा उसळला. मी घुगऱ्यांची वाटी घेऊन बाहेर आलो. मला कोंडाबाईकडं बघवेना. तिनंच माझी सुटका केली. म्हणाली, "अख्ख्या लातूरच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी, भाऊ. पर ओसरीवरच." आणि हसली. वाटी संपवली. मग विचारलं, "काय नाव ठिवलं?"

"गौरी."

"गौरी," ती हळूच म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर पदर तोंडावर धरला, जणू काही सांडलं.

आजवर मला कितीतरी गोष्टींची लाज वाटली असेल. पण ओसरीवर मी हातात वाटी घेऊन उभा होतो त्याची जेवढी वाटते तेवढी कशाची वाटत नाही. 'आत या' हे दोन शब्द होते. पेंटर माणूस, शब्द लिहूनच पोट भरतो. ते दोन मला सुचले नाहीत असं नाही, मी ते बोललो नाही.

ती काही बदलली नाही. बोलत होती, थट्टा करत होती, गौरीला अंगाखांद्यावर घेत होती. फक्त गौरीला तिनं कधी नावानं हाक मारली नाही. 'बाई' म्हणायची, 'आमची बाई'.

बारा वर्षं खोली चालली. शेवटी शेवटी दवाखाने वाढले. काहींनी तिला आत घेतलं, काही म्हणाले नातेवाइकांनी बाहेर थांबायचं. ती नातेवाईकही नव्हती. बाहेरच्या बाकावर ती तरीही बसायची, आत अडलेल्या बाईच्या दिशेनं पाठ करून, बाकाला न टेकता. पुढं पाण्याचे दोन वाईट उन्हाळे लागोपाठ आले, हापशावर तासन् तास उभं राहून तिचे गुडघे गेले. घरमालकाचा मुलगा म्हणाला, खोलीत मेडिकल टाकायचंय. दीर वारला होता. त्याचा मुलगा न्यायला आला. पोरगा वाईट नव्हता. म्हणाला, काकू, गोठ्याशेजारची खोली सारवून ठेवलीय.

पाटी मीच काढली. दोनदा रंगवली होती मी ती मधल्या काळात, अक्षर न अक्षर तसंच ठेवून. मी विचारलं, हिचं काय करायचं? ती म्हणाली, "काय करायचं म्हंजे? विकत घेतलेलं लेकरू हाय माझं."

बसस्टँडवर मी सोडायला गेलो. गौरी शाळेत होती. चाकूरची गाडी लागली, पुतण्यानं गाठोडं टपावर चढवलं, पण पाटी तिनं दिली नाही. जुन्या लुगड्यात गुंडाळून खिडकीपाशी मांडीवर घेऊन बसली. कंडक्टर काहीतरी कुरकुरला आणि पुढं गेला. मी खिडकीखाली उभा होतो. काही बोलावं असं वाटत होतं, म्हणजे तेच, दहा वर्षांपूर्वी ओसरीवर राहिलेलं. पण ती माझ्याकडं बघत नव्हती.

गाडी सुरू झाली तेव्हा तिनं लुगड्याची घडी जराशी बाजूला केली. पत्र्याचा एक कोपरा उघडा पडला. तिनं इकडं तिकडं पाहिलं नाही. आता तिच्या तोंडानं बिघडायचं काही राहिलं नव्हतं. खोली बंद झाली होती, पाटी खाली उतरली होती. ती वाकली, कोपऱ्याशी ओठ नेले, एका हातानं आडोसा केला आणि कुर्र केलं. आवाज मला आला नाही, पण ओठ दिसले. मग तिनं नाव सांगितलं. तिचं स्वतःचं, तीन वेळा.

मग ती सरळ झाली आणि डोकं मागं टेकलं. गाडी वळेपर्यंत ती तशीच टेकलेली होती.